चकतीवाली कुलपं पिक कशी करायची: दोन चकत्यांपासून सुरुवात

डिस्क लॉक म्हटलं की आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टी निघतात, म्हणून आधी तेच निस्तरून घेऊ. एक म्हणजे बाइकच्या डिस्क ब्रेकमध्ये अडकवतात ते छोटं कुलूप. दुसरं म्हणजे गोडाऊनच्या शटरला असतं ते गोल डब्यासारखं स्टीलचं कुलूप, ज्याची कडी आत लपलेली असते, त्यालाही दुकानदार डिस्क लॉकच म्हणतात. पण ही नावं आहेत बाहेरच्या आकाराची किंवा लावायच्या जागेची, आत मात्र बऱ्याचदा साध्या पिनाच असतात, म्हणजे किल्लीच्या दातांनी वर-खाली होणाऱ्या बारीक खुंट्या. मी लिहितोय ते तिसऱ्या प्रकाराबद्दल, ते पिक कसं करायचं, म्हणजे किल्लीशिवाय बारीक टूलने कसं उघडायचं. ह्याच्या पोटात पिना नाहीत, लिव्हर नाहीत, नाण्यांच्या चळतीसारख्या गोल चकत्या असतात आणि किल्ली फिरवली की प्रत्येक चकती आपापल्या कोनात फिरते. परदेशातली चांगली पॅडलॉक, सायकलची यू-लॉक, फिनलंडमधली घरांची दारं, अशा ठिकाणी हे असतं.

मी भोसरीत टूलरूममध्ये काम करतो, दिवसभर हातात मायक्रोमीटर आणि कानस, आणि रात्री जेवण झालं की टेबलावर कुलूप. पिनांची कुलपं मी दोनेक वर्षं उघडत होतो आणि वाटायचं की आपल्याला जमतंय, मग पहिलं चकतीवालं कुलूप हातात आलं आणि चार महिने काहीच झालं नाही, अक्षरशः काहीच नाही. चूक हाताची नव्हती, मी शिकायचा क्रमच उलटा धरला होता. तो सरळ क्रम कुणीतरी मराठीत लिहून ठेवायला हवा असं तेव्हापासून वाटतंय, म्हणून हे सगळं.

आधी दोन नियम, यात सूट नाही

कुलूप स्वतःचं असेल किंवा मालकाने तोंडावर हो म्हटलं असेल तरच हात लावायचा. आणि वापरात असलेलं कुलूप, मग ते स्वतःच्या दाराचं का असेना, पिक करायचं नाही. जगभर हा छंद करणारे लोक हे दोन नियम पाळतात, जर्मनीत हॅम्बुर्गला १९९७ साली ह्या छंदाची संघटना निघाली तेव्हापासून हा खेळ चारचौघांत खेळला जातो आणि तो खेळ राहिलाय तो ह्या नियमांमुळेच. दुसरा नियम लोकांना विचित्र वाटतो पण कारण साधं आहे, टूलचं टोक आत मोडलं किंवा चकतीवर बर, म्हणजे धातूचा खरखरीत कंगोरा, उठला तर रात्री अकरा वाजता तुम्ही घराबाहेर असता.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट माहिती असू दे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम १२२, त्यात सूर्यास्त ते सूर्योदय ह्या वेळात घरफोडीचं साधन योग्य कारणाशिवाय जवळ बाळगणं हा गुन्हा धरलाय. तुमचा छंद कितीही प्रामाणिक असला तरी रात्री बाइकच्या डिकीत पिकांची पिशवी घेऊन फिरू नका. टूल घरात, कुलूप घरात, बस.

आणि घरचे म्हणतील की हे चोरांना शिकवणं आहे. पेपरातली घरफोडीची बातमी आठवा, दरवेळी 'कडीकोयंडा तोडून' असंच असतं. चोराला पक्कड, पहार नाहीतर ग्राइंडर पुरतो, एका कुलपापाशी तीन आठवडे बसायला त्याला वेळ नाही.

आत नक्की चाललंय काय

हा भाग घाईत वाचू नका, पुढचं सगळं ह्यावर उभं आहे.

हे डिझाइन १९०७ सालचं, फिनलंडच्या एमिल हेन्रिक्सन ह्या मेकॅनिकचं. तो कॅश रजिस्टरसारखी बारीक यंत्रं दुरुस्त करायचा आणि त्यातल्या फिरणाऱ्या चकत्यांवरून त्याला कुलपाची कल्पना सुचली. पुढे त्याची कंपनी झाली, 'अब लुक्को ओय', लुक्को म्हणजे फिनिश भाषेत कुलूप, आणि त्या नावाचंच आकसून 'अबलॉय' झालं. मला ह्यात फार आवडतं ते हे की आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागला कुलपं करायला घेतली आणि दहाच वर्षांनी तिकडे बर्फात दुसरा एक माणूस वेगळ्याच वाटेने त्याच प्रश्नाशी झटत होता. आपल्या घराघरातलं लिव्हरचं कुलूप घ्या, त्यात प्रत्येक लिव्हरला मागून स्प्रिंगचा रेटा असतो. पिनांच्या कुलपात प्रत्येक पिनेवर स्प्रिंग असते. हेन्रिक्सनच्या चकत्यांना स्प्रिंगच नाही. चकती तुम्ही जिथे फिरवून ठेवाल तिथेच थांबते. थंडीत स्प्रिंग आखडणं नाही, धुळीने पिन अडकणं नाही, म्हणूनच फिनलंडच्या हिवाळ्यात ही कुलपं टिकली. पिक करणाऱ्यासाठीही हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे, पुढे सांगतो.

आता रचना बघा. बाहेर बॉडी, तिच्या आत फिरणारा कोअर, कोअरच्या आत चकत्यांची चळत, आणि दोन चकत्यांच्या मध्ये पातळ वॉशर. वॉशरला बारीक कान असतात, ते कोअरमध्ये अडकतात म्हणून वॉशर फिरत नाही, नाहीतर एक चकती फिरवली की शेजारणीही तिच्याबरोबर ओढल्या गेल्या असत्या. कोअरच्या अंगावर लांबट फट, त्या फटीत एक आडवी दांडी झोपलेली, तिला साइडबार म्हणतात. ही दांडी अर्धी कोअरमध्ये आणि अर्धी बॉडीच्या खोबणीत असते, तोवर कोअर फिरू शकत नाही. प्रत्येक चकतीच्या कडेला एक खाच आहे, सगळ्या खाचा एका रेषेत दांडीखाली आल्या की दांडी आत पडते, बॉडीची खोबणी सोडते आणि कोअर फिरतो. एवढंच.

किल्लीचं कसं होतं? जुन्या क्लासिक अबलॉयची किल्ली बघा, दांडा अर्धगोल आणि त्यावर तिरके सपाट घाव. घाव सहा प्रकारचे, ० पासून ९० अंशांपर्यंत १८-१८ च्या टप्प्याने. जिथे घाव नाही तिथली चकती किल्ली फिरायला लागली की लगेच फिरते आणि पूर्ण ९० अंश जाते. जिथे ३६ चा घाव आहे तिथे किल्ली आधी ३६ अंश रिकामी फिरते, मग चकतीला धरते, म्हणजे चकती ५४ च जाते. आणि जिथे ९० चा घाव तिथली चकती जागची हलतच नाही. किल्ली ९० अंश फिरली की सगळ्या खाचा दांडीखाली. नऊ चकत्या आणि सहा कोन धरले तर कागदावर १,००,७७,६९६ जोड्या होतात, एक कोटीच्या वर, प्रत्यक्षात काही जोड्या वापरत नाहीत पण अंदाज यावा म्हणून सांगितलं.

घाव नसलेली ती शून्याची चकती लक्षात ठेवा. ती ९० अंश गेली की कोअरला टेकते आणि तिथून पुढे तीच कोअरला ढकलते. आपल्याला टेन्शन, म्हणजे कोअर फिरवायला हलका रेटा, द्यायचं असतं ते ह्याच चकतीवरून.

कुलूप कुठलं घ्यायचं

स्वस्त. पाच ते सात चकत्यांचं, ऑनलाइन मिळणारं बिननावाचं पॅडलॉक, आणि दोन नग घ्या, एक उघडून बघायला आणि एक बंदच ठेवायला. दोन-तीन वर्षं वापरलेलं जुनं यू-लॉक कुणा सायकलवाल्याकडे किल्लीसकट पडलेलं असेल तर तेही छान. यू-लॉकमध्ये हे सिलिंडर सर्रास दिसतात त्यालाही इतिहास आहे, २००४ मध्ये अमेरिकेत एकाने दाखवलं की नळीसारखी गोल किल्ली लागणारं सायकलचं कुलूप साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतं, मोठा गदारोळ झाला, क्रिप्टोनाइट कंपनीने कुलपं बदलून दिली आणि पुढे चकत्यांच्या सिलिंडरकडे वळली.

ओळखायचं कसं: किल्लीला दात नसतात, दांड्यावर पैलू पाडल्यासारखे तिरके घाव असतात. आणि किल्लीच्या भोकात बारीक टोक घालून पहिली चकती हलवली तर ती स्प्रिंगसारखी परत न येता तिथेच थांबते.

महागडं कुलूप पहिल्याच दिवशी घेऊ नका. मी तेच केलं, चार महिने गेले ते तिथेच.

टूल

पिनांच्या कुलपाला दोन सुटी साधनं चालतात, इथे नाही चालत, कारण टेन्शन आणि पिक दोन्ही एकाच मधल्या भोकातून एकमेकांत न अडकता फिरायला हवेत. म्हणून टूल एकात एक असतं, बाहेर नळी आणि आत दांडी. एकाच्या टोकाने टेन्शनची चकती धरायची आणि दुसऱ्याच्या टोकाने बाकीच्या चकत्या एकेक फिरवायच्या. टेन्शनची चकती तोंडाशी असेल तर नळीने टेन्शन आणि दांडी आत जाऊन पिक करते. ती मागे असेल तर उलट, दांडी शेवटपर्यंत जाऊन टेन्शन धरते आणि नळीवरचं टोक पुढच्या चकत्यांवर चालतं. तुमच्या कुलपात कुठली ते उघडून बघितल्यावर कळेलच.

विकत घ्या किंवा लेथ हाताशी असेल तर करा, दोन्ही चालतं. करणार असाल तर माझा जीव तोडून सांगायचा मुद्दा एकच, नळी आणि दांडीत प्ले, म्हणजे सैलपणा, ठेवू नका. टूलच जर डगडगत असेल तर चकतीचा प्ले तुम्हाला कळणार कसा? दांडी गुळगुळीत पॉलिश, टोक स्प्रिंग स्टीलचं आणि कडा मोडलेल्या. माझ्या पहिल्या टूलचं टोक मी चुकीचं टेम्पर केलं, ठिसूळ झालं, आणि तिसऱ्या रात्री ते सहाव्या चकतीत तुटून राहिलं.

दांडीच्या मुठीवर १८-१८ अंशांच्या सहा रेघा कोरा आणि दांडीच्या लांबीवर चकत्यांच्या अंतराने खुणा करा. ह्या खुणा नसतील तर 'आपण पाचव्या चकतीवर आहोत का सहाव्या' ह्यातच अर्धी रात्र जाते. मार्करने केल्या तरी चालतील, पुसल्या की परत करा.

पायरी एक: कुलूप उघडा, म्हणजे खोलूनच टाका

दोन नगांपैकी एक किल्लीने उघडून सिलिंडर बाहेर काढा. पांढऱ्या कपड्यावर काढा, चकत्या आणि वॉशर क्रमाने ओळीत मांडा आणि मोबाईलने फोटो काढून ठेवा. मग प्रत्येक चकती उजेडात धरून कागदावर तिचं चित्र काढा. कुठे खोल खाच आहे, कुठे उथळ आहे, किल्लीचा घाव किती.

उथळ खाचा म्हणजे खोट्या खाचा. त्या मुद्दाम केलेल्या असतात. दांडी त्यात थोडीशी पडते आणि तुम्हाला वाटतं चकती बसली. चकतीवर हाताने नख फिरवा, खोल खाच आणि उथळ खाच नखाला वेगळी लागते. हा फरक पुढे टूलमधून लागायला हवा, म्हणून आत्ता बोटाला नीट ओळख करून द्या. हे मी कंटाळा म्हणून वगळलं होतं, तुम्ही वगळू नका.

जुनं ग्रीस रॉकेलने धुऊन काढा, वाळवा, शिवणयंत्राचं तेल अगदी थेंबभर. जाड ग्रीस राहिलं तर सगळ्याच चकत्या चिकट लागतात आणि अडलेली कुठली ते कळत नाही.

पायरी दोन: फक्त दोन चकत्या

आता परत भरताना सगळ्या चकत्या भरू नका. टेन्शनची चकती आणि आणखी एकच चकती घाला. बाकीच्या जागी वॉशर किंवा दांडीखालची कड पूर्ण कापून टाकलेली निकामी चकती घाला, म्हणजे चळत ढिली पडत नाही.

टूल घाला. टेन्शनची चकती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत न्या, अडेल तिथे थांबा आणि मग अगदी हलका रेटा ठेवा. किती हलका? पिकलेल्या चिकूवर बोट ठेवून तो पिकलाय का बघतो ना, तेवढा. आता कोअर फिरायला बघतोय, बॉडीच्या खोबणीची उतरती भिंत दांडीला आत ढकलतेय आणि दांडी चकतीच्या कडेवर दाबून बसलीय. दुसरी चकती पिकच्या टोकाने हळूहळू फिरवा. घासत जाईल. आणि मग एका ठिकाणी दांडी खाली पडेल, टेन्शनच्या बोटाला कोअर एक केसभर पुढे सरकलेला लागेल, आणि दोनच चकत्या असल्यामुळे कुलूप उघडेल.

हे पन्नास वेळा करा. खरंच पन्नास वेळा. डोळे मिटून करा. मग तिसरी चकती वाढवा. तीन जमल्या की चौथी. मी एका आठवड्याला एक चकती वाढवली आणि सहाव्या आठवड्यात पूर्ण कुलूप उघडलं, तेही त्याच हातांनी जे आधी चार महिने नुसते दुखले होते.

पायरी तीन: अडणारी चकती शोधणं

तीन चकत्या झाल्या की नवीन गोष्ट सुरू होते. कारखान्यात कितीही बारीक काम केलं तरी सगळ्या चकत्या तंतोतंत सारख्या नसतात, एक जरा उंच, एक जरा मध्यातून सरकलेली, त्यामुळे दांडीचं सगळं ओझं एका वेळी एकीवरच जास्त पडतं. ती अडते. बाकीच्या मोकळ्या फिरतात. तुमचं काम म्हणजे प्रत्येक चकतीला जाऊन हलकेच हलवून बघायचं, मोकळी असेल तर पुढे जायचं, अडलेली मिळाली की ती फिरवत न्यायची, दांडी पडली की थांबायचं, आणि परत पहिल्यापासून अडलेली शोधायची. क्रम चकत्यांच्या जागेप्रमाणे नसतो. आधी सहावी, मग दुसरी, मग पाचवी, असा कसाही असतो, पण त्याच कुलपात बहुतेकदा तोच राहतो, म्हणून वहीत लिहा.

आणि इथे ती स्प्रिंग नसण्याची गोष्ट. पिनांच्या कुलपात टेन्शन सुटलं की सगळ्या पिना खाली पडतात, तासाभराची मेहनत गेली. इथे टेन्शन पूर्ण सोडा, चहा पिऊन या, चकत्या जिथे ठेवल्या तिथेच आहेत. फक्त एका गोष्टीने काम बिघडतं, पिकचं टोक एका चकतीकडून दुसरीकडे जाताना मधल्या चकतीला ओढतं. म्हणून टोक सरकवताना ते चकतीच्या भोकाच्या मधोमध आणायचं, मग सरकवायचं, मग पुढच्या चकतीला टेकवायचं. घाईत टोक खरडत नेलं की बसलेली चकती हलते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. माझ्या न उघडलेल्या कुलपांपैकी निम्मी ह्याच एका कारणाने उघडली नव्हती असं आता वहीतल्या नोंदी बघून वाटतं.

पायरी चार: खोटी खाच

सगळी अडचण इथे आहे म्हणून जरा थांबून सांगतो.

अशी वेळ येते की सगळ्या चकत्या बसल्यासारख्या वाटतात, कोअर थोडा फिरलेला आहे, पण कुलूप उघडत नाही. म्हणजे एक किंवा जास्त चकत्या खोट्या खाचेत आहेत. नवीन माणूस इथे टेन्शन वाढवतो. वाढवू नका, टोक वाकतं आणि चकतीच्या कडेला बर येतो.

विचार करा दांडी आता कशावर टेकलीय. खऱ्या खाचेतल्या चकतीवर ती टेकूच शकत नाही, कारण ती खाच खोल आहे आणि दांडी अजून तळापर्यंत गेलेली नाही. ती टेकलीय फक्त खोट्या, उथळ खाचेच्या तळावर. म्हणजे सगळं ओझं खोट्या खाचेतल्या चकत्यांवर आहे आणि खऱ्या खाचेतल्या चकत्या हलक्या आहेत.

आता प्रत्येक चकतीला जा आणि अगदी थोडं, अंश-दोन अंश डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. खऱ्या खाचेतली चकती मोकळी हलते आणि दोन्हीकडे खाचेच्या भिंतीला टक् करून टेकते. लोखंडी खुंटी भोकात सैल बसलीय असं लागतं. खोट्या खाचेतली चकतीही हलते, तिलाही भिंती आहेत, पण ती घासत हलते, चिकट, जणू खाली ओल्या वाळूचा थर आहे. हा मोकळा टक् आणि तो घासणारा टक्, ह्या दोन्हीतला फरक कळला की कुलूप तुमचं. माझ्या बोटांना हा फरक कळायला अकरा दिवस लागले आणि कळला त्या रात्री मी बायकोला उठवून तिच्या हातात टूल दिलं, तिलाही तो पहिल्याच फटक्यात लागला. तिने आदल्या दिवशी माझ्याबरोबर चकत्या पुसताना खाचांवरून नख फिरवलेलं होतं.

खोटी खाच सापडली की तिच्यातून बाहेर पडायचं. टेन्शनचा रेटा थोडा कमी करा आणि चकती फिरवत राहा. दांडीला उथळ खाचेतून वर चढावं लागतं, त्यामुळे टेन्शनच्या बोटाला कोअर उलटा येताना जाणवेल. तो येऊ द्या, अडवू नका. चकती कडेवर आली की परत आधीइतका रेटा आणि पुढच्या खाचेपर्यंत. कुठल्या दिशेला जायचं? मुठीवरच्या रेघा बघा, सहाच कोन आहेत, जो तपासला त्यावर वहीत फुली मारा. एका चकतीचे सगळे कोन झाले आणि खरी खाच मिळाली नाही तर चकती मोजण्यात चूक झालीय, परत तोंडापासून मोजा.

दोन-तीन चकत्या एकदम खोट्या खाचेत असतील तर सगळ्यात जास्त घासणारी आधी. तिची सुटली की ओझं दुसरीवर जातं आणि दुसरी स्वतःहून चिकट लागायला लागते.

उघडल्यावर

कोअर फिरला, कडी उडाली, आनंद होतो, आणि त्या आनंदात लोक टूल खसकन ओढतात. चकत्या आत वेगवेगळ्या कोनात आहेत, टोक त्यांच्यात अडकतं आणि तुटतं. आधी कोअर परत मूळ जागी फिरवा, मग सगळ्या चकत्या एकेक करून शून्याकडे आणा, टोक मधोमध घ्या, मग सरळ रेषेत बाहेर. कडी दाबण्याआधी किल्ली घालून एकदा फिरवून बघा की ती अजून नीट चालते.

काय काय बिघडतं

सगळ्याच चकत्या अडल्यासारख्या लागत असतील तर टेन्शन जास्त आहे, नव्वद टक्के वेळा हेच. एकही अडत नसेल तर टेन्शनची चकती टोकातून निसटलीय किंवा तुम्ही चुकीच्या चकतीवरून टेन्शन देताय. एक चकती हलवली की शेजारचीही हलते असं वाटलं तर वॉशरचा कान वाकलाय, खोलून सरळ करा. बोटं सुन्न झाली तर उठा. वीस मिनिटांनंतर बोटाला खरंच कमी कळतं, मी घड्याळ लावून बसतो.

पुढची कुलपं

स्वस्त कुलूप जमलं की लोक थेट जर्मनीच्या आबुस कंपनीच्या ग्रॅनिटकडे किंवा अबलॉयकडे जातात. ग्रॅनिटच्या आधी आबुसचंच प्लस सिलिंडर असलेलं साधं मॉडेल घ्या, तिथे खोट्या खाचा आहेत आणि काम बारीक आहे. जुनं क्लासिक अबलॉय परदेशातून येणाऱ्या कुणाकडून मागवता आलं तर मागवा, ते हातात धरणं हाच एक धडा आहे, चकत्या इतक्या तंतोतंत की अडणारी आणि न अडणारी ह्यात फरक अगदी पुसट.

आणि मग प्रोटेक. अबलॉयने २००१ च्या सुमारास काढलं, तिथे त्यांनी ह्या पद्धतीच्या मुळावरच घाव घातला. आपण काय करतो, टेन्शन देऊन चकती फिरवतो आणि अडते का बघतो. प्रोटेकमध्ये कोअरला रेटा द्यायला गेलं की आतली यंत्रणा चकत्यांनाच जागच्या जागी बांधून टाकते. चकती फिरवायची तर टेन्शन नाही, टेन्शन द्यायचं तर चकती फिरत नाही. बोटाला काही सांगायलाच कुलूप तयार नाही. त्यानंतरच्या प्रोटेक२ मध्ये किल्लीवर एक हलणारा तुकडाही आला आणि कंपनी १९७ कोटी वेगवेगळ्या जोड्यांचा दावा करते. ज्या माणसाला साइडबार कसा काम करतो हे कळलंय त्यालाच ह्या रचनेचं सौंदर्य कळतं, मला तर ते चित्र बघून कितीतरी वेळ काही सुचलं नाही.

परदेशातल्या छंदवाल्यांनी कराटेसारखे रंगीत बेल्ट ठेवलेत, कुठलं कुलूप उघडलं त्यावर बेल्ट. त्यांच्या मागे धावू नका, पण कुलपांची अवघडपणाप्रमाणे यादी म्हणून तिचा उपयोग होतो, पुढचं कुठलं घ्यावं हे त्यावरून कळतं.

माझ्या टेबलावर सध्या अकरा चकत्यांचं एक सिलिंडर आहे. तीन आठवडे झाले. वहीत सात चकत्यांसमोर 'मोकळा टक्' लिहिलंय, तीनसमोर कोन लिहून फुल्या मारल्यात, आणि उरलेल्या एकीसमोर काल रात्री पेन्सिलीने लिहिलंय, 'घासते, ५४ वर खोटी, आज ३६ बघणे'.